नांदावयास यावे, अन्यथा…

रखमाबाईंची गोष्ट आपल्याकडे साधारण अशी सांगतात. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलं. मोठी झाल्यावर नवऱ्याकडे जायला तिनं नकार दिला. नवरा कोर्टात गेला. कोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा. मग तिनं थेट व्हिक्टोरिया राणीला साकडं घातलं आणि राणीनं लग्न मोडून टाकलं.

शेवटचं वाक्य सोडलं तर गोष्ट बरोबर आहे. प्रत्यक्षात प्रकरण मिटलं ते कोर्टाबाहेर. जुलै १८८८ मध्ये नवऱ्यानं, दादाजी भिकाजींनी, खर्चापोटी दोन हजार रुपये घेतले आणि हुकूमनामा बजावायचा हट्ट सोडला. लग्न कोणीच मोडलं नाही. रखमाबाई पुढच्या वर्षी विलायतेला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या, सुरतेच्या दवाखान्यात रुजू झाल्या. १९०४ मध्ये दादाजी वारले तेव्हा त्यांनी विधवेचं पांढरं लुगडं नेसलं. ज्याच्या घरात पाऊल टाकायचं नाही म्हणून तुरुंग पत्करायची तयारी दाखवली, त्याच माणसाच्या नावानं. कायद्याच्या लेखी ती त्याची बायकोच होती, शेवटपर्यंत.

राणीचा तो शेवट मला खटकतो, कारण तो आपल्याला हवासा वाटणारा शेवट आहे. खाली एक वाईट कायदा असतो, वर कुठेतरी एक चांगली सत्ता असते, ती खाली वाकून कायदा पुसून टाकते. वर कधी राणी असते, कधी देव, कधी ‘नैसर्गिक न्याय’, आजकाल बहुतेक वेळा सुप्रीम कोर्ट. मी कराडला वकिली करते. माझ्याकडची निम्मी कामं हिंदू मॅरेज पिटिशनची आणि पोटगीची. शिवाय लॉ कॉलेजच्या पोरांना ज्युरिस्प्रुडन्स शिकवते, म्हणजे कायद्याचं तत्त्वज्ञान, ज्याच्या तासाला निम्मा वर्ग कॅन्टीनमध्ये असतो. या दोन्ही ठिकाणी ही राणी मला भेटत राहते. पक्षकार म्हणतात, “असा कसा कायदा असेल मॅडम? हा अन्याय आहे.” आणि विद्यार्थी पेपरात लिहितात, “अन्यायकारक कायदा हा कायदाच नव्हे.” वाक्य टाळ्यांचं आहे. पण ते मला पटत नाही, आणि न पटण्याचं कारण मी पुस्तकात नाही, कलम नऊच्या दाव्यांत शिकले.

हिंदू विवाह कायद्याचं कलम नऊ म्हणजे ज्याला कोर्टाच्या भाषेत वैवाहिक हक्कांचं पुनःस्थापन म्हणतात आणि बार रूममध्ये ‘नांदायचा दावा’. नवरा किंवा बायको वाजवी कारणाशिवाय सहवासातून निघून गेली तर दुसऱ्यानं कोर्टाकडे जायचं आणि कोर्टानं हुकूम करायचा, की परत जाऊन नांदा. कागदावर हे कलम दोघांनाही सारखं आहे. माझ्याकडे येतात ते मात्र जवळजवळ सगळे नवऱ्यांनी टाकलेले, आणि जवळजवळ सगळे बायकोनं पोटगी मागितल्यानंतर टाकलेले. आधी नोटीस येते. तिची भाषा ठरलेली: ‘तुम्ही कोणतेही सबळ कारण नसताना आमचे अशिलाचे घर सोडून माहेरी जाऊन राहिला आहात. तरी ही नोटीस पोहोचलेपासून पंधरा दिवसांचे आत नांदावयास यावे, अन्यथा…’ त्या ‘अन्यथा’च्या पुढे जे असतं, त्याची बाईला धास्ती असते. बहुतेक वेळा तिला नांदायला न्यायचं नसतंच. ‘मी तर बोलावतोय, तीच येत नाही’ हे पोटगीच्या कोर्टात दाखवायला एक कागद हवा असतो.

मागच्या वर्षी अशीच एकजण आली. गाव सांगत नाही, तपशीलही थोडे फिरवलेत. शिवणकाम करणारी, पदरात मुलगी, नवरा दारू पिऊन मारायचा. नोटीस प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलेली, घड्या पडून पडून मधोमध फाटायला आलेली. मी वाचून होईपर्यंत गप्प बसली, मग म्हणाली, “मॅडम, कोर्टानं हुकूम दिला तर पोलीस येऊन धरून न्हेत्यात का वो मला?”

नाही नेत. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश एकवीस, नियम बत्तीस: असा हुकूमनामा पाळला नाही तर मालमत्ता जप्त करता येते. माणूस जप्त करता येत नाही.

“माझ्याकडं काय हाय? मशीन हाय शिलाईची.”

ती पण नाही. संहितेच्या साठाव्या कलमात जप्तीतून सुटणाऱ्या वस्तूंची यादी आहे. अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं. शिलाई मशीन त्यात बसतं. आणि त्याच यादीत, धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने. मी तिला ते कलम वाचून दाखवलं आणि वाचता वाचता मलाच हसू आलं. नवऱ्याकडे जात नाही म्हणून कोर्ट तिच्या घरावर जप्ती आणू शकेल, पण त्याच नवऱ्याच्या नावाचं मंगळसूत्र सोडून.

“मग चालतंय की,” ती म्हणाली.

आता या बाईला मी काय सांगायला हवं होतं? कलम नऊ अन्यायकारक आहे, म्हणून तो कायदाच नव्हे? तिनं विश्वास ठेवला असता. मग ती तारखेला गेली नसती, एकतर्फी हुकूम झाला असता, आणि वर्षभर सहवास झाला नाही म्हणून कलम १३(१-अ) खाली नवऱ्यानं घटस्फोट मागितला असता. कायदा कायदाच नाही असं म्हटल्यानं तो नाहीसा होत नाही. जॉन ऑस्टिन या इंग्रज गृहस्थानं १८३२ मध्ये हेच लिहिलं: कायदा असणं ही एक बाब, तो चांगला की वाईट ही दुसरी. त्यानं दिलेलं उदाहरण फार झणझणीत आहे. एखाद्या निरुपद्रवी कृत्याला फाशीची शिक्षा ठेवली आहे आणि मी ते केलं. हा कायदा देवाच्या कायद्याविरुद्ध आहे, असं मी न्यायालयात कितीही ओरडून सांगितलं, तरी न्यायालय मला फासावर लटकवून माझा युक्तिवाद किती लंगडा आहे ते दाखवून देईल. याला लीगल पॉझिटिव्हिझम म्हणतात. कायदा हा कोणीतरी केलेला असतो, आणि तो कायदा आहे की नाही हे तो कोणी, कधी, कुठल्या अधिकारानं केला यावरून ठरतं, तो बरा आहे की वाईट यावरून नाही.

(ऑस्टिनबद्दल एक जाता जाता. त्याची वकिली चालली नाही, व्याख्यानांनाही विद्यार्थी टिकले नाहीत. तो १८५९ मध्ये वारल्यावर त्याची टिपणं जुळवून व्याख्यानं छापली ती बायकोनं, सारा ऑस्टिननं. ती नसती तर आम्हा सगळ्यांचा पहिल्या वर्षाचा एक पेपर सोपा झाला असता.)

ऑस्टिनचं सगळं मला पटतं असं नाही. कायदा म्हणजे सार्वभौम सत्तेची आज्ञा, तिच्यामागे शिक्षेचा धाक, हे त्याचं सूत्र आपल्याकडे आलं की लंगडतं. हे हेन्री मेन या इंग्रज कायदेपंडितानं तेव्हाच दाखवून दिलं होतं आणि उदाहरण दिलं रणजितसिंहांचं. पंजाबात त्यांच्याइतका निरंकुश राजा नव्हता, पण ऑस्टिन ज्याला कायदा म्हणेल अशी एक आज्ञा त्यांनी आयुष्यात काढली नसेल. लोक जगत होते ते रूढीनं. पण मला ऑस्टिनच्या सूत्राशी देणंघेणं नाही. त्याचा प्रश्न मला हवा आहे: हे कोणी केलं? तो प्रश्न रखमाबाईंच्या खटल्याला विचारला की काय होतं, ते बघा.

दादाजींनी १८८४ मध्ये मुंबई हायकोर्टात दावा घातला. तेव्हा आणि नंतरही सगळा वाद ‘हिंदू धर्म विरुद्ध इंग्रजी सुधारणा’ असा रंगवला गेला. टिळक रखमाबाईंच्या विरोधात होते, कारण नवऱ्यानं बायकोला घरी आणणं हा धर्मातला हक्क, त्यात सरकारनं हात घालू नये. पण नांदायला लावणारा दावा मुळात आला कुठून? धर्मशास्त्रात बायकोची कर्तव्यं पानोपानी आहेत. राजाकडे फिर्याद करून बायकोला हुकूमनाम्यानं घरी आणवायची सोय मात्र तिथली नाही. ती इंग्लंडातल्या चर्चच्या न्यायालयांतली. भारतात तिला शिक्का मिळाला तो १८६७ मध्ये, प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टानं, मुन्शी बझलूर रहीमच्या खटल्यात, आणि तेही मुसलमान जोडप्याच्या बाबतीत. ख्रिस्ती पाद्र्यांच्या कोर्टातला उपाय, लंडनमधल्या न्यायाधीशांनी मुसलमान दांपत्याला लावला, आणि वीस वर्षांच्या आत तो हिंदू धर्माचा प्राण होऊन बसला.

आणखी एक. दादाजींनी दावा घातला त्याच वर्षी, १८८४ मध्ये, इंग्लंडनं या हुकूमनाम्यापायी होणारी कैद रद्द केली. कारण काय, तर जॉर्जिना वेल्डन नावाच्या एका खमक्या बाईनं नवऱ्याविरुद्ध असा हुकूमनामा मिळवला आणि नवरा तुरुंगात जायची वेळ आली. पुरुष आत जाणार म्हटल्यावर पार्लमेंटनं काय चपळाई केली! आपल्या १८८२ च्या दिवाणी संहितेत मात्र सहा महिन्यांची कैद तशीच राहिली.

रखमाबाई सुतार समाजातल्या. त्यांच्या जातीत पुनर्विवाह चालत होता. खुद्द त्यांच्या आईनं नवरा वारल्यावर डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं होतं. पण कोर्टात जे ‘हिंदू लॉ’ म्हणून उभं राहिलं त्यात लग्न म्हणजे न तुटणारा संस्कार. जातीची रूढी, घरातला व्यवहार, सगळं त्यात विरून गेलं. हाही कोणीतरी केलेलाच कायदा. पोथ्यांतून निवडून, भाषांतर करून, इंग्रज न्यायाधीशांनी निकालांवर निकाल रचून केलेला.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. त्यांचं वाक्य प्रसिद्ध आहे: अशा परिस्थितीत एका तरुण स्त्रीला, तिला नावडणाऱ्या पुरुषाकडे तिच्या इच्छेविरुद्ध राहायला जायची सक्ती करणं हे रानटी, क्रूर आणि किळसवाणं होईल. या वाक्यासाठी त्यांना मलबारींपासून सगळ्या सुधारकांनी डोक्यावर घेतलं. माझे विद्यार्थीही तेवढंच पाठ करतात. पण निकाल नुसता त्या वाक्यावर उभा नव्हता. पिन्हेंचं म्हणणं, हे जोडपं कधी एकत्र राहिलंच नाही, मग सहवास ‘पुन्हा’ प्रस्थापित करायचा प्रश्न येतोच कुठे? नव्यानं सहवास सुरू करायला लावावा असा एकही इंग्रजी निवाडा नाही, हिंदू कायद्यात तर हा दावाच नाही. म्हणजे त्यांनी विचारलं तेच: हे कोणी केलं? कोणीच नाही. मग मी का करू?

अपील झालं. १८८६ मध्ये मुख्य न्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी निकाल फिरवला. हिंदू लग्न विधी झाला की पूर्ण होतं, संमती आणि सहवासाची वाट बघत नाही, आणि पहिल्यांदा की पुन्हा हा फरक कायद्याला मान्य नाही. दावा परत खाली आला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला: महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद.

रखमाबाईंनी सांगितलं, कैद भोगेन, जाणार नाही.

यावर वर्गात एका मुलीनं विचारलं होतं, “मग मॅडम, रखमाबाई पॉझिटिव्हिस्ट होत्या का?” वर्ग हसला. मला प्रश्न फार आवडला. बेंथॅम, ऑस्टिनचा गुरू, १७७६ मध्ये लिहून गेला की चांगल्या नागरिकानं कायदा वक्तशीर पाळावा आणि मोकळेपणानं त्याच्यावर टीका करावी. टीका तर त्यांनी १८८५ मध्येच ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘अ हिंदू लेडी’ या नावानं पत्रं लिहून केली होती. पाळणं मात्र नाकारलं. पण नाकारताना त्यांनी ‘हा हुकूम हुकूमच नाही’ असं म्हटलं नाही. हुकूम आहे, शिक्षा आहे, ती माझ्या वाट्याला येणार आहे, आणि तरीही नाही. कायदा काय आहे आणि मी काय करावं, हे दोन वेगळे प्रश्न म्हणून त्यांनी दोन वेगळी उत्तरं दिली. विसाव्या शतकात हार्ट नावाचा ऑक्सफर्डचा प्राध्यापक पॉझिटिव्हिझमच्या बाजूनं हेच मांडत होता: ‘हा कायदा आहे, पण इतका वाईट की पाळू नये’ हे म्हणता येण्याची जागा मोकळी ठेवा.

कायदा नैतिकतेपासून वेगळा काढता येतो का, यावरचं हार्टचं आणि अमेरिकेतल्या फुलरचं १९५८ चं भांडण प्रत्येक ज्युरिस्प्रुडन्सच्या पुस्तकात असतं, आणि त्यातला गाजलेला खटलाही नवराबायकोचाच. १९४४ चं जर्मनी. बायकोला नवरा नकोसा झालेला. तो सैनिक, रजेवर घरी आलेला असताना हिटलरबद्दल वाकडं बोलला. तिनं वर्दी दिली. त्याला फाशी सुनावली, ती अमलात न आणता आघाडीवर पाठवलं. युद्ध संपल्यावर तिच्यावर खटला. ती म्हणे, मी कायद्याप्रमाणेच वागले. राडब्रूख या जर्मन विधिज्ञाचं मत होतं की अन्यायाची हद्द ओलांडणारा कायदा हा कायदाच नसतो, आणि ‘कायदा तो कायदा’ या शिकवणीनंच जर्मन वकील-न्यायाधीश नाझींपुढे निःशस्त्र झाले. हार्ट म्हणाला, तिला शिक्षा करायची तर उघडपणे मागच्या तारखेनं लागू होणारा कायदा करा, पण तेव्हाचा कायदा कायदाच नव्हता असं सोंग आणू नका. (त्या खटल्याचा जो वृत्तांत हार्टच्या हाती होता तो नीट नव्हता, कोर्टानं नाझी कायदा रद्दबातल ठरवलाच नव्हता, हे नंतर उघड झालं. वाद मात्र टिकला.)

राडब्रूखचा आरोप मला पटत नाही. १९३५ मध्ये नाझींनी दंडसंहितेत बदल केला, की कायद्यात लिहिलेलं नसलं तरी एखादं कृत्य ‘निरोगी लोकभावने’नुसार शिक्षेला पात्र वाटलं तर शिक्षा करावी. हे कायद्याच्या अक्षराला चिकटणं नव्हे. ही कायद्यात घुसवलेली नैतिकता आहे, त्यांची नैतिकता. नैतिकता म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आपलीच येते, समोरच्याचीही एक असते हे आपण विसरतो. दादाजींच्या बाजूनं लिहिणारेही स्वतःला अनैतिक समजत नव्हते.

आपल्याकडे १९७६ च्या एडीएम जबलपूर निकालाबद्दलही असंच म्हणतात. आणीबाणीत स्थानबद्ध झालेल्याला कोर्टाचं दार बंद, असं चार न्यायाधीश म्हणाले, एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात गेले, आणि चौघांचा दोष काय तर त्यांनी कोरडा कायदा पाहिला. पण त्याच कोरड्या कायद्यावर त्याआधी नऊ उच्च न्यायालयांनी उलट निकाल दिले होते, आणि खन्नांचा निकालही कायद्याच्या युक्तिवादानं भरलेला आहे. चौघांकडे कायदा जास्त होता, असं मला तरी दिसत नाही.

पुन्हा नांदायच्या दाव्याकडे. १९२३ मध्ये आपल्याकडची कैद गेली, जप्ती राहिली. १८ मे १९५५ ला हिंदू विवाह कायदा झाला आणि त्यात हा उपाय कलम नऊ म्हणून मानानं बसवला गेला, स्वतंत्र भारताच्या संसदेनं. त्याच वर्षी सप्टेंबरात डॉ. रखमाबाई वारल्या, नव्वदीच्या. त्यांनी ते कलम वाचलं असेल का, हे मला नेहमी वाटत राहतं. इंग्लंडनं स्वतःचा हा दावा १९७० मध्ये मोडीत काढला. आता ज्याला आपण संस्कृतीचा भाग म्हणतो, तो माल बनवणाऱ्यानंच बंद केलेला आहे.

१९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयात टी. सरिता या सिनेनटीच्या खटल्यात न्यायमूर्ती चौधरी यांनी कलम नऊ घटनाबाह्य ठरवलं. त्यांचे शब्द: रानटी आणि क्रूर. पिन्हेंच्या नंतर जवळजवळ शंभर वर्षांनी तोच शब्द. पण फरक बघा. पिन्हे ‘रानटी’ म्हणाले तेव्हा ते त्यांच्या मनाचं म्हणणं होतं; त्याच्या खाली कायद्याचा वेगळा आधार शोधावा लागला आणि तो अपिलात टिकला नाही. चौधरी म्हणाले तेव्हा त्यांच्या हाताशी अनुच्छेद २१ होता. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य, त्यातून प्रतिष्ठा, त्यातून खासगीपणा. नैतिकताच, पण संविधान सभेनं बसून, मतं घेऊन, कायद्यात आणून ठेवलेली. कोणी केलं, या प्रश्नाला इथे उत्तर आहे. नैतिकता कायद्यात यावी की नाही यावर पॉझिटिव्हिस्टांतच दोन तट आहेत. माझं मत साधं आहे: यावी, पण दरवाजातून यावी, आणि दरवाजा कोणी उघडला याची नोंद असावी. डॉ. आंबेडकर ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात म्हणाले होते की संवैधानिक नैतिकता ही उपजत भावना नव्हे, ती जोपासावी लागते. तिच्यामागे तरी नोंद आहे. ‘आपल्या संस्कृतीत बसत नाही’ याच्यामागे कसलीच नोंद नसते.

दरम्यान दिल्ली उच्च न्यायालयानं उलट सांगितलं: घरात संविधान आणणं म्हणजे काचसामानाच्या दुकानात बैल सोडणं. (त्या घरातली काच कोणाच्या पायाखाली आधीच फुटलेली असते, हे माझ्या टेबलापलीकडून स्वच्छ दिसतं.) आणि १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सरोज राणी खटल्यात सरिताचा निकाल पुसून कलम नऊ वैध ठरवलं. लग्न मोडण्यापासून वाचवायला हा उपाय मदत करतो, म्हणून. आता त्या खटल्याची हकीकत ऐका. नांदायचा दावा बायकोनं घातला होता. नवऱ्यानं हुकूमनाम्याला संमती दिली. एक वर्ष उलटल्यावर त्याच नवऱ्यानं, सहवास झाला नाही म्हणून, त्याच हुकूमनाम्याच्या आधारे घटस्फोट मागितला. आणि त्याला तो मिळाला! लग्न वाचवणारं कलम, असं ज्या निकालात लिहिलं, त्याच निकालात त्या कलमाच्या शिडीवरून लग्न बाहेर पडलं.

२०१७ मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क ठरल्यावर पायाच बदलला आहे, असं माझं मत. २०१९ मध्ये कायद्याच्या काही विद्यार्थ्यांनी कलम नऊला सुप्रीम कोर्टात आव्हानही दिलं. पण माझं मत म्हणजे कायदा नव्हे, आणि पक्षकाराकडून मी फी घेते ती कायदा सांगायची.

म्हणून त्या शिवणकामवालीची कैफियत, म्हणजे दाव्याला द्यायचं लेखी उत्तर, लिहिताना माझी ज्युनिअर उत्साहानं पिन्हेंचं वाक्य घालायला निघाली, तेव्हा मी ते काढायला लावलं. सीनिअर डिव्हिजनच्या, म्हणजे खालच्या दिवाणी कोर्टात कलम नऊ रानटी आहे हे सांगून काय उपयोग? त्या कोर्टाला ते रद्द करता येत नाही. कलमातच ‘वाजवी कारण’ आहे आणि १९७६ च्या दुरुस्तीनं ते सिद्ध करायची जबाबदारी घर सोडणाऱ्यावर टाकली आहे. तेव्हा आम्ही कारण लिहिलं: मार, दारू, उपजिल्हा रुग्णालयातले केसपेपर, पोलीस ठाण्यातली अदखलपात्र नोंद. रखमाबाईंच्या वकिलांनीही मूळ कैफियतीत हेच केलं होतं. दादाजीची गरिबी, दुखणं, आणि ज्याच्या आश्रयानं तो राहत होता त्याची वर्तणूक. तत्त्वाचं वाक्य न्यायमूर्तींनी लिहिलं, वकिलांनी आपली साधी कारणं लिहिली होती.

पोटगीच्या अर्जात मात्र जानेवारी २०२५ चा रीना कुमारी निकाल पहिल्याच पानावर जोडला. नवऱ्यानं नांदायचा हुकूमनामा मिळवला आणि बायको गेली नाही, एवढ्यावरून तिची पोटगी बुडत नाही, न जाण्याचं पुरेसं कारण होतं का ते त्या-त्या खटल्यात बघावं लागतं, असं त्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय. तो कलम नऊला हात लावत नाही. पण ज्यासाठी नवरे हा दावा घालतात, तेच कारण त्यानं बरंचसं काढून घेतलं. नवऱ्याच्या वकिलांनी निकाल वाचून पुढची तारीख मागितली आणि बाहेर व्हरांड्यात मला विचारलं, “मॅडम, एकरकमी किती घ्याल?”

आकड्यावर बोलणं चालू आहे. ती म्हणते, मुलीच्या नावानं मुदत ठेव हवी, हातात रोकड नको.